दोन्ही हातांची गोमुखी

दुबईत फरचे कोट खपतात, असं मी पुण्यात सांगितलं की लोक माझ्याकडे बघायचे, बाईला ऊन लागलंय म्हणून. पण नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत तिथल्या देरा भागात फरच्या दुकानांची रांगच होती. बाहेर घामाच्या धारा आणि आत काचेमागे मिंक, कोल्हा, ससा. रशियातून विमानं भरभरून गिऱ्हाइकं यायची, आठवडाभर समुद्रात डुंबायची आणि जाताना अंगावर कोट चढवून बघायची. अशा एका दुकानाच्या पोटमाळ्यावर बसून मी साडेतीन वर्षं अस्तरं शिवली.

मी शिवणाचा डिप्लोमा घेऊन नवऱ्यामागे तिकडे गेले होते. नवरा एका कन्स्ट्रक्शन कंपनीत, दिवसभर साइटवर. आमचं घर बर दुबईत, म्हणून रोज सकाळी अब्रा नावाच्या लाकडी होडीतून खाडी ओलांडून मी देऱ्यात जायची. दुकानाचे मालक बैरूतचे, सत्तरीला टेकलेले, आजोबांपासून हाच धंदा. मला ते ‘बिन्ती’ म्हणत, म्हणजे मुली. त्यांचं हिंदी देऱ्याच्या बाजारात शिकलेलं होतं आणि माझं शाळेत, त्यामुळे आमचं एकमेकांशी छान जमायचं.

कोट काय, कुणालाही समजतो. मफ मला समजला नव्हता. पहिल्यांदा हातात आला तेव्हा वाटलं, कोटाची सुटून आलेली बाही आहे. मी मालकांना विचारलं, “दूसरा किधर है?” ते हसता हसता खुर्चीतून पडायचे बाकी राहिले. मग त्यांनी तो स्वतः पोटाशी धरून दाखवला. फरची गुबगुबीत नळी, तान्ह्या बाळाच्या लोडाएवढी, दोन्ही टोकांना उघडी. ह्या बाजूने उजवा हात घालायचा, त्या बाजूने डावा, आणि बर्फातून मिरवत चालायचं. बस्स, एवढंच त्याचं काम.

मालकांकडे जुन्या फॅशनच्या चित्रांचं एक जाडजूड पुस्तक होतं. फ्रेंच होतं की जर्मन, मला दोन्ही सारखंच. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते पानं उलटून मला शिकवायचे. शेकडो वर्षांपूर्वी व्हेनिसच्या श्रीमंत बायका मफमध्ये इवलीशी कुत्री घालून फिरायच्या. पुढे फ्रान्स-इंग्लंडात पुरुषांनीही तो उचलला. डोक्यावर केसांचा टोप, कमरेला तलवार आणि तलवारीच्या शेजारी रिबिनीने बांधलेला मफ. कधी तो इतका मोठा व्हायचा की मागे बाई आहे की नाही कळू नये, तर कधी इतका लहान की जेमतेम बोटं मावावीत. आत एक छोटा खिसा असायचा. त्यात अत्तराची कुपी, रुमाल, कुणाकुणाच्या चोरट्या चिठ्ठ्या. काही बायका तर आत गरम भाजलेला बटाटा ठेवायच्या म्हणे. मग मोटारी आल्या, पर्सा आल्या, बायकांना दोन्ही हात मोकळे हवेसे झाले आणि मफ मागे पडला. “खलास,” असं म्हणून मालक पुस्तक मिटायचे. तरी दर हिवाळ्यात हौसेने दहा-बारा मफ करून घ्यायचेच. रशियन आज्या ते नातींसाठी न्यायच्या.

पुरुषही मफ वापरायचे हे मी घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, “मग मला एक आण. आमच्या साइट ऑफिसच्या एसीला दुसरा उपाय नाही.”

एका वर्षी नोव्हेंबरात सासूबाई आल्या. मी त्यांना आईच म्हणायची. मला सहावा महिना संपत आला होता. त्याआधी दोनदा, एकदा तिसऱ्यात आणि एकदा पाचव्यात, सगळं संपून गेलं होतं, त्यामुळे ह्या वेळी घरात कुणी मोठ्याने आनंदही करत नव्हतं. आई तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर चिपळूणहून आल्या त्या एक पितळी डबा, मेतकूट आणि जपमाळ घेऊन. आल्या दिवशीच त्यांनी देवासमोर संकल्प सोडला. बाळ सुखरूप जन्माला यावं म्हणून बाळंतपणाच्या आत सव्वा लाख रामनामाचा जप करायचा. एक माळ झाली की चवळीचा एक दाणा कॉफीच्या रिकाम्या बाटलीत टाकायच्या. दिवसाला तेरा-चौदा माळा. मी हिशेब करून बघितला, जेमतेम बसत होता.

माझा देवावर तसा फारसा विश्वास नाही. भीतीवर मात्र आहे. सकाळी कामाला निघताना मी ती बाटली डोळ्यांनी मोजून जायची, दाणे वाढलेत ना ते बघायला.

अडचण आली ती त्यांच्या हातांची. आमच्या इमारतीला सेंट्रल एसी होता, तो हिवाळ्यातही कुणी बंद करत नसे आणि आमच्या हातात काही नव्हतं. जन्म कोकणात गेलेल्या बाईला गारवा सोसेना. त्यांची बोटं आधी पांढरीफटक पडायची, मग निळसर, आणि मग अशी ठणकायची की माळेचा मणी सुटायचा. मणी सुटला की त्या अख्खी माळ पुन्हा पहिल्यापासून करायच्या. क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी सांगितलं की थंडीने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, हात उबदार ठेवा. मी लोकरीचे हातमोजे आणले.

“पंधरा दिरहॅम? म्हणजे दीडशेच्या घरात गेले की गो!” त्या म्हणाल्या. मोजे घालून बसल्या, दोन मणी ओढले आणि काढून ठेवले. “मणीच लागत नाही बोटाला. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं.”

त्यांच्याकडे गोमुखी होती, म्हणजे जपाच्या वेळी माळेसकट हात आत घालतात ती कापडी पिशवी. पण ती पातळ सुती, त्यातून गारवा थेट आत यायचा. तेव्हा माझ्या डोक्यात मफ आला. आत हात उघडेच राहतात, मणी लागतो आणि ऊबही मिळते. मी स्वतःवरच इतकी खूष झाले की पोटातल्या बाळाला ऐकू जाईलसं म्हणाले, बघ तुझी आई.

मालकांना विचारलं. ते म्हणाले, नायलॉनची फर घेऊ नकोस, त्यात हात घामेजतात आणि घाम आला की जास्तच गार पडतात. त्यांनी कपाटातून सशाच्या फरचे उरलेसुरले तुकडे काढून दिले, पांढरे, पिसासारखे हलके. “यल्ला, बिन्ती, चलो, मम्मी के लिए अच्छा बनाओ.” मी चार दुपारी खपून शिवला. फर आतल्या बाजूला, बाहेरून माझ्या एका जुन्या जांभळ्या खणाचं कापड, गळ्यात अडकवायला नाडी आणि आत खिसा. बाहेरून बघणाऱ्याला आत काय आहे हे कळणं शक्य नव्हतं. हे मी मुद्दाम केलं होतं, आणि मुद्दाम केलंय हे मला शिवतानाही माहीत होतं.

कारण आमच्या आईंचं सोवळं. चामड्याचा पट्टा लावलेलं घड्याळही त्या देवापाशी जाताना काढून ठेवत. मी कुठे काम करते म्हणून त्यांनी विचारलं होतं तेव्हा मी सांगितलं होतं, कोटांच्या दुकानात. नरो वा कुंजरो वा मला चांगलं जमतं. पण मफ हातात देताना त्यांनी आत बोटं घातली आणि सरळच विचारलं, “अगो, किती मऊ! कसलं हे?”

“नायलॉन,” मी म्हणाले. “टेडी बेअरला असतं ना, तसलं.”

त्यांनी दोन्ही हात आत घातले आणि डोळे मिटले. मी त्यांना मालकांच्या पुस्तकातल्या गोष्टी सांगितल्या. कुत्र्यांच्या, तलवारींच्या, बटाट्याच्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “दोन्ही हात असे कोंडून बसायचं म्हणजे बाईला घरात काही काम नसणार.” मग म्हणाल्या, “माझ्या डाव्या हाताला जन्मात पहिल्यांदा सुट्टी मिळतेय.” आतला खिसा त्यांना सापडला तेव्हा माळ त्यात ठेवून दिली आणि नाव देऊन टाकलं, दोन्ही हातांची गोमुखी.

मला वाटलं होतं, एसीत बसताना हात घालतील. जप त्याच्यातच करतील हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खरं तर का येऊ नये? ज्या बाईने आयुष्यभर गोमुखीत हात घातला तिला दुसरं काय वाटणार! पण आता माळ फिरत होती ती मारलेल्या सशाच्या कातड्यात. आणि फिरतही होती झरझर. बोटं पांढरी पडेनात, मणी सुटेना, बाटलीत दाणे पटापट वाढायला लागले. मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “गप्प बस. तिचे हात बरे आहेत, तिचा जप होतोय. विषय खलास.”

मी गप्प बसले. दीड महिना बसले. मग एका गुरुवारी संध्याकाळी आई ती गोमुखी गळ्यात अडकवून बर दुबईच्या देवळात गेल्या. मीही बरोबर होते. आत त्यांनी ती देवापुढे टेकवली, कुंकू लावून घेतलं आणि बाहेर येऊन चार बायकांना कौतुकाने दाखवली. “आमच्या सुनेने शिवलीय हो. हात घालून तर बघा.” चौघींनी हात घातले. चौघींनी मागणी नोंदवली. मी हसत उभी होते, आणि माझा स्वतःवरच असा संताप झाला की घरी येताना विनाकारण आईंवरच चिडले. म्हणाले, “मला काय उद्योग नाही का, साऱ्या दुबईच्या गोमुख्या शिवायला?” त्या बिचाऱ्या ओशाळल्या.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. सुट्टी असूनही नवरा साइटवर गेला होता. आई बाटली उन्हात धरून बघत होत्या. “ब्याण्णव हजार झाला,” बाटली ठेवून हात पुन्हा मफमध्ये घालत त्या म्हणाल्या. “आता पोचते मी. आणि ऐक, काल तू चिडलीस ते बरोबर होतं, कुणाला काही शिवू नकोस. फक्त एक कर. जप पुरा झाला की ही गोमुखी उसवायची आणि आतलं मऊ आहे त्याचं बाळाला टोपडं शिवायचं. सव्वा लाख नाव मुरलंय त्यात. बाळ जन्मलं की पहिलं तेच डोक्यावर घालायचं.”

मला बाकी सगळं सहन झालं असतं. पण ते टोपडं मला दिसलं, आणि त्याच्या आत ते डोकं. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. “आई, ते नायलॉन नाहीये.”

“मग?”

“ससा आहे. सशाचं कातडं. आमच्या दुकानात तेच असतं. मी खोटं बोलले.”

“मेलेला?” त्यांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, “मारलेला.”

मी मान हलवली. त्यांनी हळूच आतून हात काढले, खिशातून माळ काढली आणि मफ माझ्या मांडीवर ठेवला. फेकला नाही. फेकला असता तर बरं वाटलं असतं. मग नळाखाली कितीतरी वेळ हात धूत राहिल्या. नळाचं पाणी त्या दिवसांत गार असायचं. बाहेर आल्या तेव्हा दहाही बोटं पांढरी होती. माझ्यामुळे त्यांचा ब्याण्णव हजारांचा जप त्यांच्या लेखी पुसला गेला होता. आणि ह्या खेपेलाही काही झालं असतं तर त्यांनी मला नाही, स्वतःला दोष दिला असता. आधीच्या दोन्ही वेळीही त्यांनी तेच केलं होतं, आपलंच काही चुकलं म्हणून उपास धरले होते.

पुढचे दोन दिवस घरात मीठ दे आणि दार लाव, एवढंच मराठी शिल्लक राहिलं. नवऱ्याने एकदा तोंड उघडलं, “आई, एवढं काय त्यात?” तेव्हा त्या म्हणाल्या, “तू जेव.” देवळातल्या बायकांना मात्र त्यांनी फोन करून सांगितलं की सुनेचे दिवस भरत आलेत, तिला आता शिवण झेपायचं नाही. मी आतल्या खोलीतून ते ऐकलं आणि उशीत तोंड खुपसून रडले.

तिसऱ्या दिवशी सकाळी उठले तर ओट्यावर बाटली रिकामी. दाणे पातेल्यात भिजत घातलेले. दुपारी त्यांनी ओलं खोबरं आणि गूळ घालून त्यांची उसळ केली, वाटी भरून माझ्यासमोर ठेवली आणि समोर बसल्या.

“आई, हे ते दाणे?”

“मग काय टाकून देऊ? देवाला चालायचे नाहीत. तुला चालतील.”

मी खायला लागले. त्यांनी दुसरी वाटी वाढली, मग तिसरी. आठवा महिना उलटून गेल्यावर इतकी चवळी म्हणजे पोटाला सक्तमजुरीच, पण नाही म्हणायची माझी छाती नव्हती. “सगळी संपव,” त्या म्हणाल्या. “ह्याला नको,” म्हणून नवऱ्याच्या ताटात एक चमचाही पडू दिला नाही. पातेलं रिकामं झालं तेव्हा त्यांनी पदराने माझं तोंड पुसलं. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण त्यांचा हात माझ्या चेहऱ्याला तोवर कधी लागला नव्हता. गारगार होता.

संध्याकाळी त्यांनी स्नान केलं आणि पुन्हा एकपासून जप सुरू केला, जुन्या सुती गोमुखीत. मी म्हणाले, खरंच लोकरीची शिवते, मेंढीला मारत नाहीत, नुसती कातरतात. “नको,” त्या म्हणाल्या, “आता तुझ्या हातचं काही नको.” आणि माझा चेहरा बघून घाईघाईने म्हणाल्या, “अगो, म्हणजे बाळ होईपर्यंत सुई धरू नकोस, असं.” मणी सुटत होते, माळा पुन्हा पहिल्यापासून होत होत्या. दिवसाला आठ-नऊच्या वर जात नव्हत्या. सव्वा लाख आता होणार नाही, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. आम्ही दोघी त्याबद्दल बोलत नव्हतो.

फेब्रुवारीत दिवस भरायच्या आठवडाभर आधीच मला कळा सुरू झाल्या. हॉस्पिटलात पुरुषांना आत सोडत नव्हते, नवरा बाहेर येरझाऱ्या घालत राहिला, आई माझ्यासोबत आल्या. गडबडीत माळ घरीच राहिली होती. तिथला एसी घरच्यापेक्षा कडक. माझ्या कॉटशेजारी लोखंडी खुर्चीवर त्या बसल्या आणि पेरांवर जप करायला लागल्या, अंगठ्याने एकेका बोटाचं एकेक पेर मोजत. मी बघितलं तर बोटं पांढरीफटक, अंगठा नीट टेकतही नव्हता.

“हात इकडे द्या,” मी म्हणाले.

“अगो, तुझं तुला काय कमी झालंय का?”

“द्या म्हणते ना.”

त्यांचा उजवा हात मी माझ्या दोन्ही हातांत घेतला आणि छातीशी धरला. कळ ओसरली की माझ्या तळव्यात त्यांचा अंगठा हलताना लागायचा, एका पेरावरून दुसऱ्या पेरावर, हळूहळू, न थांबता. हात जरा उबदार झाला तसा अंगठाही भरभर चालायला लागला. कळ आली की मी तो हात इतका आवळायची की त्यांना मोजणं अशक्य व्हायचं. त्या थांबायच्या आणि कळ गेली की तिथूनच पुढे चालू करायच्या. पहिल्यापासून नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. मल्याळी नर्स येऊन बघून जायची, “वेळ आहे अजून” म्हणायची आणि आम्ही दोघी पुन्हा आपापल्या कामाला लागायचो.

शेवटी शेवटी कळा लागोपाठ यायला लागल्या आणि मी घाबरले. आधीचं सगळं आठवलं. “आई, ह्या वेळीही गेलं तर?” मी म्हणाले. इतक्या महिन्यांत हे वाक्य त्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं.

त्या खुर्चीवरून उठल्या, वाकल्या आणि त्यांनी दुसराही हात माझ्या हातांवर ठेवला. आता चारही हात एकात एक होते. “मी आहे,” त्या म्हणाल्या. “मी आहे ना गो. माझ्याकडे बघ.” मी बघितलं. त्या रडत होत्या. ओठ हलत नव्हते. तेव्हाच माझ्या ध्यानात आलं की माझ्या तळव्यातला अंगठाही थांबला आहे.

“आई, जप,” मी कशीबशी म्हणाले. “किती झाला?”

“कुणास ठाऊक,” त्या म्हणाल्या, आणि हात आणखी घट्ट धरले.